लेबर रूममधलं एक मिनिट: पहिलं क्लिनिकल ऑडिट असं करा

ऑडिट म्हटलं की दवाखान्यातल्या लोकांच्या डोळ्यांसमोर हिशेब तपासणारे साहेब येतात, नाहीतर ‘लक्ष्य’ (लेबर रूमचा दर्जा सुधारण्याचा सरकारी कार्यक्रम) किंवा एनक्यूएएसच्या (सरकारी दवाखान्यांसाठीची राष्ट्रीय गुणवत्ता मानकं) मूल्यांकनाला आलेलं पथक. पथक प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण देतं आणि निघून जातं. क्लिनिकल ऑडिट वॉर्डात राबणाऱ्यांनी स्वतःच्याच कामाचं करायचं असतं. एखादं औषध गुणकारी आहे का, हे संशोधन शोधतं. ते गुणकारी आहे हे माहीत असताना आपल्याकडच्या किती बाळंतिणींना ते वेळेवर मिळालं, हे ऑडिट मोजतं.

पहिल्या खेपेला विषय लहानच घ्या. ‘प्रसूती सेवेचा दर्जा’ एवढा मोठा विषय घेतला की फॉर्म आठ पानांचा होतो आणि दुसऱ्या आठवड्यात तो कुणी भरत नाही. इथे उपजिल्हा रुग्णालयाच्या लेबर रूममधली एकच गोष्ट घेऊ: बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला स्नायूत दिलं जाणारं १० युनिट ऑक्सिटोसिन. त्याने गर्भाशय आवळतं आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. बाळंतपणानंतरचा अति रक्तस्राव आजही माता दगावण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे, त्यामुळे हे एक मिनिट मोजण्याजोगं आहे.

निकष आधी लिहा, मोजणी नंतर

निकष एका वाक्यात बसला पाहिजे: ‘योनीमार्गे प्रसूत झालेल्या प्रत्येक स्त्रीला बाळ पूर्ण बाहेर आल्यापासून ६० सेकंदांच्या आत १० युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत मिळालं.’ आता त्यातला शब्दन् शब्द पक्का करा. घड्याळ कधी सुरू करायचं? डोकं दिसल्यावर नव्हे, बाळ पूर्ण बाहेर आल्यावर. जुळं असेल तर? शेवटचं बाळ बाहेर आल्यावर. पोटावर हात ठेवून आत आणखी बाळ नाही ना, हे पाहिल्याशिवाय इंजेक्शन द्यायचंच नाही. ५ युनिटचं एकच अँप्युल (इंजेक्शनच्या औषधाची काचेची कुपी) दिलं तर? ते निकषात बसत नाही, डोस अपुरा आहे.

कोण मोजणीत नाही तेही आत्ताच ठरवा: सिझेरियन झालेल्या आणि रस्त्यातच बाळंत होऊन आलेल्या. आकडा हाती आल्यावर ‘ही केस वेगळी होती’ म्हणत नावं गाळायला लागलात, तर ऑडिट तिथेच संपलं.

केसपेपरवर विसंबू नका

पहिलं ऑडिट बहुतेक वेळा इथेच फसतं. जुने ४० केसपेपर काढले की बहुतेकांवर जन्माची वेळ आणि इंजेक्शनची वेळ यांत बरोबर एका मिनिटाचं अंतर सापडतं. हा खोटेपणा असतोच असं नाही. सिस्टर वार पडल्यावर, टाके घातल्यावर, बाळ आईजवळ दिल्यावर लिहायला बसते आणि नियमाप्रमाणे जी वेळ असायला हवी ती लिहिते. केसपेपर काय लिहिलं ते सांगतो. काय घडलं ते पाहायचं असेल तर खोलीतच उभं राहावं लागतं.

म्हणून प्रत्यक्ष निरीक्षण करा. निरीक्षण करणारी व्यक्ती त्या प्रसूतीच्या कामात नसावी. रात्रपाळीला जादा माणूस नसेल तर साधी सोय करा: सेकंदकाटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ, प्रसूती करणारी सिस्टर मोठ्याने ‘बाळ’ आणि मग ‘इंजेक्शन’ म्हणते, मदतनीस दोन्ही वेळा फळ्यावर लिहिते. फॉर्मला रकाने मोजकेच ठेवा: अनुक्रमांक, ड्यूटीची पाळी, बाळाची वेळ, इंजेक्शनची वेळ, डोस, उशीर झाला असेल तर कारण. बाळंतिणीचं नाव नको आणि सिस्टरचंही नको. एकदा का फॉर्मवर कर्मचाऱ्याचं नाव आलं आणि त्यावरून कुणाला मेमो गेला, की पुढच्या महिन्यापासून सगळे आकडे सुंदर येतील आणि त्यातला एकही खरा नसेल.

निरीक्षकाच्या डोळ्यांदेखत धोका होत असेल, तर त्याने फॉर्म बाजूला ठेवून तोंड उघडायचं. टिकमार्क करण्यासाठी कुणाचा रक्तस्राव पाहत उभं राहायचं नसतं.

सलग ४० प्रसूती घ्या, तिन्ही पाळ्यांतल्या आणि रविवारच्याही. सोयीच्या निवडू नका. कुणी पाहतंय हे कळलं की माणूस जपून वागतो, त्यामुळे पहिल्या चार-पाच नोंदी सराव म्हणून सोडून द्या. सुरू करण्याआधी वैद्यकीय अधीक्षकांची लेखी संमती घ्या. हे काम पुढे लेख म्हणून छापायचा विचार असेल, तर नीतिशास्त्र समितीकडे आधीच जावं लागतं.

आकडा फोडून पाहा

समजा ४० पैकी २६ जणींना वेळेत इंजेक्शन मिळालं, म्हणजे ६५ टक्के. या आकड्यावर थांबू नका. पाळीनुसार फोडा. दिवसा २६ पैकी २० आणि रात्री १४ पैकी ६ असं निघालं, तर प्रश्न सिस्टरांच्या ज्ञानाचा नाही. त्याच सिस्टर दिवसाही असतात.

आता ‘का’ विचारत जा. इंजेक्शन उशिरा का? ते भरलेलं नव्हतं. का? अँप्युल फ्रीजमध्ये होतं. फ्रीज कुठे? दोन खोल्या पलीकडे, कुलपात. किल्ली? इनचार्ज सिस्टरकडे, आणि त्या सकाळपाळीला. रात्री एकटी सिस्टर, हातात ग्लोव्हज, समोर बाळ, तिने किल्ली शोधायला जायचं तरी कधी? अशा ठिकाणी प्रशिक्षण लावणं म्हणजे नळ बंद असताना बादली बदलणं. पोस्टर आणि परिपत्रक यांचा असर आठवडाभर टिकतो. वस्तूची जागा बदलली तर तो टिकून राहतो.

बदल लहान, एका पाळीपुरता

ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायचं असतं. म्हणून ‘ट्रेमध्येच ठेवा’ हा उपाय घाईचा ठरेल: मे महिन्यात सकाळी काढलेलं अँप्युल रात्रीपर्यंत उन्हाळ्यात तापत पडेल. त्यापेक्षा लेबर रूममध्येच लहान फ्रीज किंवा बर्फाच्या पिशव्यांचा व्हॅक्सिन कॅरियर (लस नेण्याचा थंड डबा) ठेवा, किल्ली पाळीच्या सिस्टरकडे द्या आणि प्रसूती जवळ आली की १० युनिट सिरिंजमध्ये भरून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित प्रसूती चेकलिस्टमध्येही प्रसूतीआधीच ही सिरिंज तयार ठेवायला सांगितलं आहे.

भरलेल्या सिरिंजवर लगेच लेबल लावा: ऑक्सिटोसिन १० युनिट, बाळ झाल्यानंतर. बिनलेबलची सिरिंज चुकून बाळ पोटात असतानाच दिली गेली, तर गर्भाशय फाटू शकतं आणि बाळाचा जीव जाऊ शकतो. सुधारणा करताना नवा धोका तयार होत नाही ना, हेही मोजायचं असतं. इथे तीन गोष्टी लिहून ठेवा: रोज दोनदा फ्रीजचं तापमान, वाया गेलेली अँप्युल्स, बिनलेबल सापडलेल्या सिरिंजा.

हे सगळं पहिल्याच दिवशी सगळीकडे लावू नका. एक रात्रपाळी, एक आठवडा. काय अडलं ते त्या पाळीच्या सिस्टरांना विचारा (उत्तर बहुधा तुम्ही कल्पना केलेलं नसतं), दुरुस्त करा, मग दुसरी पाळी घ्या. योजना, करून पाहणं, तपासणं, रुळवणं: पीडीएसए (प्लॅन, डू, स्टडी, अ‍ॅक्ट) म्हणतात ते हेच.

आलेख

दर आठवड्याची टक्केवारी कागदावर बिंदूने मांडा आणि बिंदू जोडा. दहा-बारा बिंदू झाले की मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढून आडवी रेघ मारा. सलग सहा बिंदू रेघेच्या एकाच बाजूला आले, तर तो योगायोग नाही, काहीतरी बदललं आहे असं धरायला हरकत नाही. एक आठवडा ९० आणि पुढचा ७० आला म्हणून घाबरू नका. आठवड्याला दहाच प्रसूती असतील तर एक चुकली की दहा टक्के घसरतात. आलेख लेबर रूमच्या भिंतीवर लावा, अधीक्षकांच्या फायलीत नको.

तीन महिन्यांनी पुन्हा ४० सलग प्रसूती मोजा: तोच निकष, तोच फॉर्म, तीच पद्धत. पहिली मोजणी निरीक्षणाने आणि दुसरी केसपेपरवरून केली, तर सुधारणा कागदावर होईल, लेबर रूममध्ये नाही. आणि सिस्टरांच्या बदल्या झाल्या किंवा नवे बाँडचे डॉक्टर रुजू झाले, की पुढच्या आठवड्यातच सलग दहा प्रसूती पुन्हा पाहा. किल्ली बहुतेक तेव्हाच परत इनचार्जच्या खिशात गेलेली असते.