छोट्या कार्यालयासाठी मल्टिफंक्शन प्रिंटर: आधी पानाचा हिशेब, मग यंत्राची किंमत

पाच-सहा माणसांच्या कार्यालयासाठी प्रिंट, झेरॉक्स आणि स्कॅन करणारे एकच यंत्र घ्यायचे ठरले की दुकानात पहिला प्रश्न बजेटचा विचारला जातो आणि निवड तिथेच चुकीच्या वाटेला लागते. वकिलांची कार्यालये, करसल्लागार, पतसंस्था, गृहनिर्माण संस्था अशा अनेकांसाठी मी ही यंत्रे निवडून दिली आहेत. यंत्राची किंमत हा त्या खर्चातील लहान भाग असतो, हे दर वेळी नव्याने समजावून सांगावे लागते. ‘चांगली कंपनी बघा आणि घ्या’ हा सल्ला तर ऐकूच नये, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचा प्रति पान खर्च दुपटीहूनही वेगळा असू शकतो.

कामाची मोजणी

महिन्याला किती पाने लागतात हे अंदाजाने न सांगता कागदाच्या बिलांवरून काढावे. एका रिममध्ये ५०० कागद असतात. बाहेरच्या झेरॉक्स दुकानात काढून आणलेल्या प्रतीही यात धराव्यात, कारण यंत्र आले की ते काम कार्यालयातच होऊ लागते. माहितीपत्रकात ठळक छापलेला ‘ड्यूटी सायकल’चा आकडा म्हणजे यंत्र एखाद्या महिन्यात जास्तीत जास्त किती ताण सोसेल याची सीमा होय. रोजच्या वापरासाठी ‘शिफारस केलेली मासिक पाने’ हा त्याहून बराच लहान आकडा पाहावा आणि आपली गरज त्याच्या आत बसवावी.

रंगीत छपाई रोज लागत नसेल तर कृष्णधवल यंत्र घ्यावे. फॅक्सची सोय हवी म्हणून एक रुपयाही जास्त देऊ नये.

काचेचा आकार

ए४ कागद २१० × २९७ मिमी असतो आणि लीगल कागद २१६ × ३५६ मिमी. ‘लीगल कॉपी होते’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या यंत्रांची काच ए४ मापाचीच असते आणि लीगल कागद फक्त वरच्या एडीएफमधून, म्हणजे कागद आपोआप आत ओढणाऱ्या फीडरमधून जातो. सुट्या कागदांना ते चालते. मात्र शिवलेला करारनामा, जुने जीर्ण खरेदीखत किंवा बांधलेली नोंदवही फीडरमध्ये घालता येत नाही, आणि काचेवर ठेवली तर खालच्या सह्या कापल्या जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ए४ कागद आणि दोन्ही बाजूंनी छपाई स्वीकारली असली, तरी आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांच्या गठ्ठ्यांत लीगल आकार पुढची अनेक वर्षे भेटत राहणार आहे. असे काम नेहमीचे असेल तर लीगल किंवा ए३, म्हणजे ए४च्या दुप्पट, काचेचेच यंत्र पाहावे.

‘ड्युप्लेक्स’ हा शब्द ऐकून समाधान मानू नये. पाठपोट छापणे आणि पाठपोट स्कॅन करणे या दोन वेगळ्या सोयी आहेत आणि स्वस्त मॉडेलांत बहुधा पहिलीच असते.

प्रति पान खर्च

सर्वांत जास्त वेळ द्यावा अशी पायरी हीच. मलाही हा हिशेब बराच काळ नीट जमत नव्हता, कारण त्यातील प्रत्येक आकडा खरा असूनही बेरीज मात्र प्रत्यक्ष खर्चाशी जुळत नसे. टोनर म्हणजे लेझर यंत्रात शाईऐवजी लागणारी भुकटी. त्याच्या खोक्यावर लिहिलेली पानांची संख्या आयएसओ/आयईसी १९७५२ या प्रमाणित चाचणीवरून ठरते आणि त्या चाचणीतील पान साधारण ५ टक्के भरलेले धरले जाते. ५ टक्के म्हणजे मोकळ्या ओळींचे एखादे छोटे पत्र. आपल्या कार्यालयात मात्र रकान्यांनी भरलेली बिले, आधार कार्डाच्या काळपट प्रती, शिक्क्यांनी भरलेले दाखले आणि झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स हेच काम असते. तिथे टोनर दुप्पट वेगाने संपला तरी यंत्रात दोष आहे असे समजू नये.

यंत्रासोबत येणारे पहिले कार्ट्रिज बहुधा ‘स्टार्टर’ असते. त्यात टोनर कमी भरलेला असल्यामुळे ते किती चालले यावरून पुढचा खर्च काढू नये आणि विक्रेत्याने तसा काढून दाखवला तर तो मान्य करू नये.

तिसरी गोष्ट ड्रमची, म्हणजे टोनरची प्रतिमा कागदावर उतरवणाऱ्या फिरत्या नळकांड्याची. काही यंत्रांत टोनर आणि ड्रम एकाच कार्ट्रिजमध्ये असतात, त्यामुळे टोनर बदलला की ड्रमही नवा येतो. काही यंत्रांत दोन्ही वेगळे असतात. तिथे टोनर स्वस्त दिसतो, पण ठरावीक पानांनंतर ड्रमचा खर्च येतोच आणि दरपत्रकात तो बहुधा लिहिलेला नसतो. केवळ उदाहरणासाठी आकडे घेऊ. ‘अ’ यंत्राचे एकत्र कार्ट्रिज ५,००० रुपयांचे असून ते २,००० पाने देते, म्हणजे पानामागे २.५० रुपये. ‘आ’ यंत्राचा टोनर २,६०० रुपयांत २,६०० पाने देतो, म्हणजे १ रुपया, आणि ४,८०० रुपयांचा ड्रम १२,००० पाने चालतो, म्हणजे आणखी ४० पैसे. एकूण १.४० रुपये झाले. महिन्याला १,५०० पाने असतील तर हा फरक महिन्याला १,६५० आणि वर्षाला १९,८०० रुपये होतो.

आता तेच पान १० टक्के भरलेले धरून पुन्हा मांडावे. ‘अ’चा खर्च ५ रुपयांवर जातो. ‘आ’चा टोनर २ रुपयांचा होतो, पण ड्रमचे ४० पैसे तसेच राहतात, कारण ड्रमची झीज पानावरील टोनरवर नव्हे तर फिरण्यावर अवलंबून असते. फरक २.६० रुपयांवर, म्हणजे महिन्याला ३,९०० रुपयांवर पोहोचतो. याच कारणाने एकेक पान सुटे काढण्याची सवय असेल तर ड्रम लवकर झिजतो, कारण प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर तो काही वेळ फिरतच असतो. ड्रमच्या आयुष्याचा आकडा एका वेळी किती पाने छापली असे धरून दिला आहे, हे माहितीपत्रकाच्या तळटिपेत वाचावे.

रिफीलबद्दल माझे मत ठाम आहे. रिफील करून खर्च वाचवायचाच असेल तर यंत्र घेण्यापूर्वी गावातील दोन मेकॅनिकांना विचारावे की या मॉडेलच्या कार्ट्रिजवर चिप आहे का, ती मिळते का आणि यंत्राचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर ती चालू राहते का. काही कंपन्या अशा अद्ययावतीकरणातून बाहेरच्या चिपा बंद पाडतात. यंत्र घेतल्यानंतर हे कळून उपयोग नसतो.

लेझर की इंक टँक

इंक टँकचा, म्हणजे टाकीत द्रव शाई भरायच्या यंत्राचा, प्रति पान खर्च बराच कमी असतो आणि वीज अगदी थोडी लागते, त्यामुळे वीज वारंवार जाणाऱ्या तालुक्याच्या गावी ते इन्व्हर्टरवर चालते. लेझर यंत्राचा फ्यूजर, म्हणजे उष्णतेने टोनर कागदावर पक्का करणारा भाग, तापताना एकदम मोठा भार ओढतो, म्हणून ते संगणकाच्या छोट्या यूपीएसवर मुळीच जोडू नये. मात्र इंक टँक काही आठवडे बंद राहिले तर शाई सोडणाऱ्या हेडमधील शाई सुकते. उन्हाळी सुटीत कुलूप लागणाऱ्या शाळेच्या कार्यालयासाठी मी ते सुचवत नाही. डाय प्रकारची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, शाई पाण्याने पसरते, म्हणून न्यायालयात किंवा निबंधक कार्यालयात जाणाऱ्या कागदांसाठी लेझर घ्यावे, नाहीतर काळी शाई पिगमेंट, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, असल्याची खात्री करावी. वाया गेलेली शाई शोषणारा पॅड आपल्याला बदलता येतो की यंत्र सेवा केंद्रात न्यावे लागते, हेही विचारावे.

जुने किंवा भाड्याचे ए३ यंत्र

महिन्याला पाच-सहा हजारांहून अधिक प्रती असतील तरच या वाटेला जावे. करारात पाच गोष्टी लेखी घ्याव्यात: किमान प्रतींचे शुल्क, ए३ प्रत एक धरणार की दोन, स्कॅनचे पैसे लागणार का, ड्रम-फ्यूजर-रोलर दरात समाविष्ट आहेत का आणि तक्रारीनंतर किती तासांत माणूस येणार. नुसत्या ‘एएमसी’त, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, बहुधा फक्त मजुरी असते, सुटे भाग वेगळे. नूतनीकरण केलेल्या यंत्राचा काउंटर अहवाल, म्हणजे आजवर किती प्रती निघाल्या याची नोंद, छापून घ्यावा, पण तेवढ्यावर भरवसा न ठेवता फीडरमधून पाठपोट २० कागद सलग घालून पाहावेत.

दुकानातील चाचणी

स्वतःचेच कागद न्यावेत: एक लीगल करार, आधार कार्ड, एक पातळ पावती आणि घडी पडलेला जुना सातबारा. कार्डाच्या दोन्ही बाजू एका पानावर घेणारे बटण आहे का ते पाहावे, कारण ते दिवसातून अनेकदा लागते. मिनिटाला किती पाने निघतात यापेक्षा झोपेतून उठलेले यंत्र पहिली प्रत किती सेकंदांत देते, हे घड्याळ लावून मोजावे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर कार्यालय असेल तर ट्रेला झाकण असलेले मॉडेल घ्यावे आणि उघडे रिम बाहेर ठेवू नये. दमट कागद वाकतो आणि अडकतो.

बसवण्याच्या दिवशी

यंत्र वाय-फायऐवजी केबलने जोडावे. स्कॅन थेट संगणकाच्या फोल्डरमध्ये जाते का, हे प्रत्येक संगणकावर तंत्रज्ञासमोर तपासावे. जुन्या यंत्रांना त्यासाठी एसएमबी-१ ही नेटवर्कवरून फाइल पाठवण्याची जुनी पद्धत लागते आणि ती आताच्या विंडोजमध्ये सुरक्षेसाठी बंद असते. तंत्रज्ञ ती सुरू करून देऊ लागला तर नकार द्यावा आणि स्कॅन ईमेलवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावे. जीमेलसाठी नेहमीचा पासवर्ड यंत्रात चालत नाही, त्यासाठी वेगळा ‘अ‍ॅप पासवर्ड’ तयार करावा लागतो. बिलावर कार्यालयाचा जीएसटी क्रमांक आणि यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेला आहे हे पाहूनच उरलेले पैसे द्यावेत.