यंदा कपडे कमी घ्यायचे ठरवलंय? मग या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी पाडव्याला मी घरात जाहीर केलं, वर्षभर एकही कपडा घेणार नाही. कोणी हसलंसुद्धा नाही, कारण कोणी खरंच धरलं नव्हतं. वैशाखात मावसबहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. सोलापूरच्या नवी पेठेत गेले आणि दोन साड्या, एक कुर्ता, वर ‘मोडलाच आहे आता’ म्हणून एक ओढणी घेऊन परत आले. सव्वा महिना टिकला नियम.

तेव्हापासून नियम केले, मोडले, पुन्हा केले. आता बरेचसे टिकतात. मधल्या काळात ज्या चुका केल्या त्या आजूबाजूच्या बायकांकडूनही ऐकते, म्हणून लिहिते आहे.

‘काहीच घ्यायचं नाही’ असा नियम

हा कडकडीत उपासासारखा असतो. एक शेंगदाणा तोंडात गेला की मग जेवूनच घ्यावंसं वाटतं. त्यापेक्षा आकडा ठरवा. माझा आकडा पाडवा ते पाडवा दहा नग. त्यातले दोन लग्नसराईसाठी आणि दोन दिवाळीसाठी आधीच बाजूला काढलेले, उरलेले सहा वर्षभरात कधीही. आतले कपडे, मोजे आणि मुलांचे गणवेश यात धरत नाही. ओढणी मात्र धरते, कारण ‘ओढणीच तर आहे’ म्हणत मी एका वर्षात सात घेतल्या होत्या.

काय मोजायचं आणि काय नाही हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. दुकानात उभं राहून ठरवलेलं नेहमी दुकानदाराच्या बाजूने लागतं. ‘घ्या की अक्का, बघायला काय पैसे पडतात?’ या वाक्यापुढे आपली न लिहिलेली शिस्त टिकत नाही.

कपाट न उघडताच नियम करणे

एका रविवारी सगळं पलंगावर ओतलं. सदतीस कुर्ते निघाले, त्यातले अकरा मरून. मला मरून आवडतो हेही तोवर धड माहीत नव्हतं! एक मखमली जाकीट निघालं, लेबलसकट. सोलापुरात मखमली जाकीट घालायला किती दिवस मिळतात? डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री, आणि तेव्हाही आपण चादर ओढून घरातच बसतो. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. सुती कापड घाम शोषतं, पॉलिस्टर तो अंगावरच ठेवतं. तरी शोरूमच्या एसीत उभं राहून आपण पॉलिस्टर जॉर्जेट निवडतो.

त्या ढिगातून माझे दोन नियम निघाले: मरून बंद, आणि घरी धुता येत नाही असं काही घ्यायचं नाही. तुमच्या ढिगातून वेगळेच निघतील. ढीग केल्याशिवाय मात्र निघत नाहीत.

लेबलवरच्या किमतीला खर्च समजणे

नऊशेची साडी नऊशेत कधीच पडत नाही. फॉल-पिको, ब्लाउजचं अस्तर, शिलाई, त्या रंगाचा परकर, आणि टेलरकडच्या तीन खेपा. माझ्या हिशेबात ती सतराशेच्या पुढे गेली. म्हणून आता ठरवलंय: आधीच्या साडीचा ब्लाउज शिवून आलेला नसेल तर पुढची साडी नाही. हा नियम मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला, कारण आमचा टेलर लग्नसराईत दीड-दीड महिना लावतो. त्याची दिरंगाई म्हणजे माझी बचत.

कराचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर पाच टक्के जीएसटी आहे. त्याआधी हजाराच्या वर बारा टक्के होता. म्हणजे करापूर्वी दोन हजार किंमत असलेल्या कुर्त्यावर १४० रुपये वाचतात. ते १४० वाचवण्यासाठी मी २,१०० खर्च करायला निघाले होते.

एक आला की एक गेला

ऐकायला हा नियम चोख वाटतो. मला तो दोनदा महागात पडला.

एक तर त्याची परवानगी होते. नवं हवं असलं की कपाटातलं काहीतरी ‘जुनं’ ठरतं. दुसरं म्हणजे आपल्याकडे बोहारीण येते. जुने कपडे द्या, स्टीलचं भांडं घ्या. तिला फाटके कुर्ते नको असतात, जरीची साडी हवी असते. ती एकेक कपडा उलगडते, नाक मुरडते आणि शेवटी म्हणते, ‘अजून एक साडी टाका, मग हा डबा देते.’ मी दोन चांगल्या साड्या घालून झाकणाचा डबा घेतला. घरात तसे चार डबे होते. नंतर साडीची जागा मोकळी झाली म्हणून साडी घेतली. म्हणजे कपडे तेवढेच राहिले, डबे वाढले.

हा नियम ठेवायचाच असेल तर क्रम उलटा करा. आधी कपडा बाहेर काढा, दोन महिने त्याच्यावाचून राहा, आणि अडलंच तर नवा घ्या. माझं बहुतेक वेळा अडलं नाही.

आहेराला नियमाबाहेर ठेवणे

सोलापुरात कपडे दुकानातून येतात त्याच्या निम्मे तरी नात्यांतून येतात. बारसं, मुंज, लग्न, वास्तुशांत, आणि अधिक महिना आला की जावयाला धोंड्याचे कपडे. टॉवेल-टोपी, ब्लाउजपीस, साडी. मी दुकानात हात आखडता घेतला तरी कपाट भरायचं थांबेना, तेव्हा कुठे हे लक्षात आलं.

पहिली चूक म्हणजे आलेला आहेर आपल्या कपड्यांत मिसळणे. तसं केलं की तो वापरला जात नाही आणि देताही येत नाही. वेगळी पिशवी करा आणि प्रत्येक साडीला चिठ्ठी लावा: कोणी दिली, कुठल्या कार्यात. फिरता आहेर सगळ्या घरांत असतो, त्यात लाज नाही. लाज वाटते ती मामीचीच साडी मामीला परत गेल्यावर. आमच्याकडे गेली आहे. मामींनी घडी उलगडून काठ पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, ‘रंग छान आहे गं, माझ्याच आवडीचा.’

दुसरी चूक म्हणजे घ्यायला ‘नाही’ म्हणायचा एकदम प्रयत्न करणे. वडीलधाऱ्यांना ते लागतं. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापलं तरी मावशी पिशवीत साडी घेऊनच येते. मला जमलेला मार्ग असा: आधी आपण द्यायचं बदलायचं. दोन वर्षं मी साडीऐवजी पाकीट देते, सोबत शेंगा चटणीचा डबा. मग समोरून पाकिटं येऊ लागली. सासूबाईंना मात्र हे अजून पटलेलं नाही. ‘ओटी काय पाकिटाने भरायची?’ म्हणतात. त्यांचं बरोबर आहे, म्हणून ओटीचा खण तेवढा ठेवला.

‘इथेच बनतं, स्वस्त पडतं’

ही खास आपल्या गावची चूक. १८७७ सालच्या जुन्या मिलपासून हे कापडाचं गाव. पूर्व भागात आजही यंत्रमाग चालतात. ओळखीतून चादर-टॉवेल घाऊक भावात मिळतात, म्हणून आपण डझनाने घेतो. वर ‘पाहुण्यांना द्यायला होतील.’ सोलापुरी चादर दहा-दहा वर्षं हटत नाही. मग माळ्यावर गठ्ठा कशासाठी? नियम सोपा आहे: माळ्यावरचा गठ्ठा सुटल्याशिवाय नवा नाही.

आजोबा मिलमध्ये होते. बोनस आला की दिवाळीला एकच तागा यायचा आणि त्यातून चौघा भावांचे सदरे शिवायचे. फोटोत चौघे एकाच रेघेचे, बँडपथकासारखे उभे आहेत. ती टंचाई परत यावी असं मुळीच म्हणत नाही. पण त्या घरात उसवलेलं टाकत नसत. माझ्या सदतीस कुर्त्यांतले नऊ केवळ एक टीप मारायची राहिली म्हणून पडून होते. हाकेच्या अंतरावर टेलर असणाऱ्या गावात! आता दुरुस्तीची पिशवी रिकामी झाल्याशिवाय बाजारात जात नाही.

‘हे मागच्या कार्यात घातलं होतं’

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत उभी असतात. माझ्या दिरांची बाराबंदी कित्येक वर्षं तीच आहे. धुतात, नीळ घालतात, इस्त्री करतात. ‘मागच्या वर्षीचीच का?’ असं त्यांना कधी कोणी विचारलेलं ऐकलं नाही. आम्ही बायका मात्र व्हॉट्सॲपवर जुने फोटो बघून साडी ठरवतो. मी एक हिरवी इरकल धरली आणि वर्षातल्या पाच कार्यांत तीच नेसले. एकीने विचारलं. तेही कुठून घेतली म्हणून.

ऑनलाइनसाठी दुकानाचाच नियम लावणे

फोनवर दुकानदार नसतो, गर्दी नसते, चपला काढाव्या लागत नाहीत. तिथे अडथळा आपणच घालायचा. ॲपमध्ये कार्ड साठवू नका, सूचना बंद करा, आवडलेली वस्तू कार्टमध्ये नाही तर वहीत तारखेसकट लिहा. महिन्याने पाहा. माझ्या वहीतल्या बऱ्याच वस्तू आता काय होत्या तेही आठवत नाही. ‘परत करता येतं’ यावर विसंबू नका. परत करायची मुदत संपल्यावरच आपल्याला पिशवी आठवते.

आणि नियम मोडला तर

मोडणारच. तेव्हा शिक्षा म्हणून पुढचे तीन महिने बंदी घालू नका, ती पहिल्याच चुकीकडे परत नेते. वहीत एक ओळ लिहा: काय घेतलं, कुठे, सोबत कोण होतं. माझ्या यंदाच्या वहीत अशा तीन ओळी आहेत. तिन्हींच्या शेवटच्या रकान्यात धाकटी बहीण आहे. ‘घे की गं, काय होतंय!’ हे तिचं वाक्य. आता तिच्याबरोबर चाटी गल्लीत जाताना फोन घरी ठेवते आणि पर्समध्ये रिक्षापुरते पैसे घेते. मागच्या वेळी तिने स्वतःच्या फोनवरून पैसे भरले आणि म्हणाली, ‘नंतर दे.’