त्रिकोणमितीतले अवयव पाडताना या चुका टाळा

नाशिकला कॉलेज रोड-गंगापूर रोडला क्लासची कमी नाही. तरी अकरावी-बारावीच्या गृहपाठाच्या वह्या तपासायला घेतल्या की त्याच त्या चुका दिसतात, आणि त्यातल्या बहुतेक आठवी-नववीच्या बीजगणितातून आलेल्या असतात.

२ साइन²थीटा + साइन थीटा − १ बघूनच पोरं गांगरतात. काही जण साइन सामाईक काढून कंसात नुसता थीटा ठेवतात! साइन थीटाला गुणलेला नाही, तो थीटाला चिकटूनच राहतो. सरळ साइन थीटा = स माना. २स² + स − १ चं मधलं पद फोडा: २स² + २स − स − १, म्हणजे (२स − १)(स + १). मग स काढून साइन थीटा परत लिहा. हे शेवटचं विसरलात तर मार्क जातात.

राशीत साइन आणि कॉस दोन्ही असतील तर आधी एकच ठेवा. २ कॉस²थीटा + ३ साइन थीटा − ३ मध्ये कॉस² च्या जागी १ − साइन² घातलं की −२स² + ३स − १ मिळतं. इथे उणे चिन्ह गळतं आणि उत्तर (२स − १)(स − १) असं येतं. खरं उत्तर −(२स − १)(स − १).

गंमत म्हणजे ताळा करूनही ही चूक सापडत नाही, कारण सवयीने सगळे ३०° घालतात. ३०° ला (२स − १) शून्य होतो, दोन्हीकडे ० येतं, पोरगं खूश. ९०° लाही तेच. ०° घालून बघा: मूळ राशी −१, चुकीचं उत्तर +१. ताळ्यासाठी असाच कोन घ्या, जिथे एकही अवयव शून्य होत नाही.

समीकरण असेल तर छाटाछाट नको. २ साइन थीटा कॉस थीटा = कॉस थीटा यात दोन्हीकडचा कॉस उडवला तर ०° ते ३६०° मध्ये ३०° आणि १५०° एवढंच हाती लागतं. सगळं एका बाजूला घेऊन कॉस थीटा(२ साइन थीटा − १) = ० लिहा, म्हणजे ९०° आणि २७०° सुद्धा सापडतील.

साइन⁴ − कॉस⁴ चे अवयव (साइन² − कॉस²)(साइन² + कॉस²). दुसरा कंस १ आहे, तो तसाच ठेवून पुढची पायरी लांबवू नका.

स² − स − २ = (स − २)(स + १) इथे मात्र उलटी चूक होते. 'साइन २ होऊच शकत नाही' म्हणून हुशार मुलंही पहिला कंस खोडतात. समीकरण सोडवताना तो सोडून दिला तर चालतं. प्रश्नात फक्त 'अवयव पाडा' असेल तर तो कंस उत्तरात लागतोच.