अमेरिकेतल्या मिडवेस्टमधली एकोणिसाव्या शतकातली विधवा पणजी कशी शोधावी

सून किंवा जावई ओहायो, इलिनॉय, आयोवाकडचे असले की नातवंडांसाठी वंशावळ मांडताना एक अडचण हमखास येते. पुरुषांची नावं मागे मागे सापडत जातात, बाईपाशी आलं की धागा तुटतो. लग्नानंतर आडनाव बदललेलं, जमीन नवऱ्याच्या नावावर, आणि १८५० पूर्वीच्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. पण ती विधवा झाली असेल तर तिला कोर्टात आणि सरकारी कचेरीत स्वतःच्या नावानं उभं राहावं लागलं, आणि त्याचे कागद राहिले. म्हणून शोधाची सुरुवात तिच्या नवऱ्याच्या मृत्यूपासून करा.

तारीख आणि काउंटी

नवरा कधी आणि कोणत्या काउंटीत (म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यात) वारला हे कळायला थडग्याचा दगड आणि गावातलं वर्तमानपत्र आधी बघा. १८५० ते १८८० च्या जनगणनांसोबत मृतांच्या वेगळ्या याद्या आहेत. १ जूनआधीच्या बारा महिन्यांत गेलेल्यांची नावं त्यांत मिळतात. शहरांच्या नावपुस्तिकांत बाईच्या नावापुढे ‘विधवा’ आणि मृत नवऱ्याचं नाव छापत. मात्र नवऱ्यानं टाकलेल्या काही बायकाही लाजेपोटी स्वतःला विधवा म्हणवत. तेव्हा एवढ्या एका नोंदीवर विसंबू नका.

काउंटी कोर्टातले वारसाचे कागद

घरातल्या गाई, चूल, पलंग यांची किमतीसह यादी इथे मिळते. जुन्या कायद्यात विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या एक तृतीयांशाचा हक्क असे, तोही ती जिवंत असेपर्यंतच. आई हयात असतानाही मुलांच्या मालमत्तेसाठी कोर्ट पालक नेमत असे आणि कागदात मुलांना ‘अनाथ’ म्हणत. ते वाचून आई वारली असं समजू नका. हा पालक किंवा त्याचा जामीन पुष्कळदा तिचा भाऊ निघतो, आणि माहेरचं आडनाव तिथेच सापडतं.

पेन्शनची फाइल

नवरा अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेकडून, म्हणजे केंद्र सरकारच्या बाजूनं लढला असेल तर सर्वांत जास्त वेळ इथे द्या. १४ जुलै १८६२ च्या कायद्यानं साध्या शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर मिळू लागले. १८६६ पासून सोळा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे आणखी २ डॉलर. त्यासाठी लग्न आणि मुलांचे जन्म सिद्ध करावे लागत. दाखला नसला तर बायका घरच्या बायबलमधलं नोंदींचं पान फाडून पाठवत, सुईण आणि शेजारणी प्रतिज्ञापत्रं देत. त्या जबान्या वाचताना आपल्यासमोर एक जितीजागती बाई उभी राहते. पुन्हा लग्न केलं की पेन्शन बंद होई, मग ती लहान मुलांच्या नावानं मागितली जाई. म्हणून मुलांच्या नावाचा अर्जही शोधा. या फायली वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्हज या सरकारी दप्तरखान्याकडून मागवता येतात.

१८९० ची जनगणना १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ सगळी गेली. १८९० चीच माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची वेगळी यादी ओहायो, मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटासाठी उरली आहे. आयोवात घर असेल तर १८८५ आणि १८९५ ची राज्याची जनगणना बघा.

जमीन

१८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार सरकारी जमिनीवर पाच वर्षं राहून ती कसली की १६० एकर मालकीची मिळत. विधवा कुटुंबप्रमुख म्हणून स्वतः अर्ज करू शके, किंवा मेलेल्या नवऱ्याचा दावा पुरा करी. घर केवढं, किती एकर नांगरली, हे त्या फाइलमध्ये असतं.

म्हातारपण

१८८० पासून जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी नातं लिहू लागले. वेगळ्या आडनावाच्या घरात ‘सासू’ म्हणून राहणारी म्हातारी बघा, ती बहुधा तुमचीच. १९०० मध्ये किती मुलं झाली आणि किती हयात, हेही विचारलं गेलं. कुठल्याच यादीत न आलेल्या बाळांची खूण एवढीच.

सरावासाठी मेरी अॅन बिकरडाइक यांचं नाव घ्या. माहेरच्या बॉल, युद्धाआधी विधवा झालेल्या, दोन मुलांच्या आई. युद्धात त्यांनी जखमी शिपायांची शुश्रूषा केली आणि १८८६ मध्ये काँग्रेसनं त्यांना महिना २५ डॉलर पेन्शन दिली. त्यांचा जन्म नॉक्स काउंटीतला आणि गेल्सबर्गचं घरही नॉक्स काउंटीतलंच. पण पहिली ओहायोतली, दुसरी इलिनॉयमधली. वहीत काउंटी लिहिली की शेजारी राज्य लिहा.