व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रव किंवा वायूचा वाहण्याला होणारा विरोध, डोक्यात बसवायची असेल तर असं करा
डेन्सिटी (घनता) लगेच जमते, पाण्याची 4 अंश सेल्सिअसला 1000 किलो प्रति घनमीटर, तिला 9.81 ने (गुरुत्व त्वरणाने) गुणलं की स्पेसिफिक वेट, म्हणजे एका घनमीटरचं वजन, झालं.

खरी गोची व्हिस्कॉसिटीत होते. ताटलीत पाण्याचा एक थेंब आणि मधाचा एक थेंब टाका, ताटली तिरकी करा, पाणी सुळकन पळतं, मध रेंगाळतो, ते रेंगाळणं म्हणजे थराथरांतलं घर्षण. मध कोमट केला की तोही पळतो पण हवा तापवली तर व्हिस्कॉसिटी उलट वाढते, कारण तिथे रेणू या थरातून त्या थरात जास्त उड्या मारतात, आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) भलेभले इथेच अडकतात. 

या घर्षणाचं माप म्हणजे डायनॅमिक व्हिस्कॉसिटी, तिला डेन्सिटीने भागलं की कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी. युनिट मात्र प्रत्येक स्टेपला लिहा, मी पॉइजचं पास्कल-सेकंद (दोन्ही डायनॅमिक व्हिस्कॉसिटीची युनिट) करताना 10 ने भागायचं विसरलो आणि अख्खं गणित गेलं.