स्लॅबवरची हिरवी टिकली: नाणं घेताना या चुका टाळा

दिवाळीत मिरजेहून एक ओळखीचा पोरगा नाणं दाखवायला आला. खिशातून रुमाल काढला, रुमालातून प्लॅस्टिकची बंद डबी, म्हणजे स्लॅब. आत अमेरिकेचा १८८१चा मॉर्गन डॉलर हे चांदीचं नाणं, वर ग्रेडचं, म्हणजे नाण्याची अवस्था सांगणाऱ्या आकड्याचं लेबल आणि लेबलाखाली हिरवी टिकली, म्हणजे छोटं स्टिकर.

“काका, टिकलीवालं आहे. साध्याच्या दीडपटीनं घेतलंय.”

“कशाबद्दल दीडपट?”

त्यानं टिकलीवर बोट ठेवलं आणि गप्प बसला. सांगली-मिरजेत आजकाल हे असं वारंवार दिसायला लागलंय, म्हणून हा लेख.

टिकलीलाच ग्रेड समजणं

ही सगळ्यात मोठी चूक. स्लॅबवरचा आकडा ग्रेडिंग कंपनीनं दिलेला असतो. अशा कंपन्यांपैकी पीसीजीएस १९८६ची आणि एनजीसी १९८७ची, दोन्ही अमेरिकी. त्यांची १ ते ७०ची मोजपट्टी १९४९ साली विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी काढली होती. गंमत म्हणजे ती मुळात किमतीची पट्टी होती: ७०चं नाणं १च्या नाण्यापेक्षा सत्तरपट महाग, असा तो हिशोब. किमतीचा हिशोब कधीच मागे पडला, आकडे मात्र राहिले.

एकाच आकड्याची दोन नाणी सारखी नसतात. एक जेमतेम त्या आकड्यात बसलेलं असतं, दुसरं वरच्या आकड्याला टेकलेलं असतं. हा फरक दाखवायला २००७ साली जॉन अल्बानीज यांनी सीएसी नावाची कंपनी सुरू केली. पीसीजीएस किंवा एनजीसीच्या स्लॅबमधलं अमेरिकी नाणं ते तपासतात. आकड्याला शोभेल असं भक्कम वाटलं तर हिरवी टिकली, आकडा कमी दिलाय असं वाटलं तर सोनेरी. ग्रेड बरोबर आहे पण काठावरची आहे, अशा नाण्याला टिकली मिळत नाही.

म्हणजे टिकली हे दुसऱ्या डॉक्टरचं मत. पहिल्यानं रोग ओळखला, दुसरा म्हणाला, हो, बरोबर आहे. त्या मताला तिकडे पैसे का मिळतात, याचं कारण साधं आहे: टिकली लावलेली नाणी सीएसी स्वतः विकत घ्यायला तयार असते. ज्यानं मत दिलं तोच पैसे मोजतो म्हटल्यावर मताला वजन येतं. एका आकड्याच्या फरकानं किंमत कित्येक पट चढते अशी महागडी अमेरिकी नाणी कुणी फोटो पाहून लांबून घेत असेल, तर टिकलीचा त्याला फायदाच आहे. मी टिकलीच्या विरोधात नाही.

जिथं गिऱ्हाईक नाही तिथं टिकलीचे पैसे मोजणं

सांगलीच्या हरभट रोडवर किंवा साताऱ्यात राजवाड्याजवळ हिरवी टिकली ओळखून जास्त पैसे देणारा माणूस शोधून दाखवा. तुम्ही जादा मोजता, पण विकताना तो जादा भाग परत येत नाही. समोरचा चांदीचं वजन विचारतो, फार तर साल विचारतो. विट्याच्या गलाईवाल्यांच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांच्या भट्टीत १८८१ची आणि १८८२ची नाणी सगळी सारखीच वितळतात, तसाच हा प्रकार. मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅमचा, त्यात ९० टक्के चांदी. आपल्या बाजारात त्याची किंमत तिथूनच सुरू होते आणि बहुतेकदा तिथंच संपते.

भारतीय नाण्यावर टिकली पाहून हुरळून जाणं

सीएसी फक्त अमेरिकी नाण्यांना टिकली लावते. त्यामुळे व्हिक्टोरियाच्या रुपयाच्या स्लॅबवर त्यांची हिरवी टिकली दिसली, तर ती त्यांची नाही, एवढं नक्की समजा. काही विक्रेते स्वतःच्याच टिकल्या लावतात: ‘प्रीमियम’, ‘टॉप क्वालिटी’, सोनेरी चांदणी वगैरे. विकणारा स्वतःच्या मालाला स्वतःच शाबासकी देतोय, तिला काय किंमत द्यायची? तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात बॉक्सवर काहीही छापलेलं असो, व्यापारी मूठभर बेदाणा हातात घेऊन पाहिल्याशिवाय बोली लावत नाही. आपल्या बापजाद्यांना जे कळत होतं ते नाण्याच्या बाबतीत आपण का विसरतो, मला कळत नाही.

टिकली नाही म्हणजे नाणं हलकं, असं धरणं

नाणं सीएसीकडे कधी पाठवलंच नसेल. ते अमेरिकी नसेल. किंवा पाठवलं असेल, ग्रेड बरोबर असेल, पण काठावरचं म्हणून टिकली दिली नसेल. यातलं काय झालं ते टिकलीविना स्लॅबवरून कळत नाही.

डबीत आहे म्हणून नाणं नीट न पाहणं

सांगली-साताऱ्याच्या घरांतून निघणारे व्हिक्टोरिया आणि एडवर्डचे रुपये बरेचदा माळेत ओवलेले असतात. बाईनं माळ मोडली की सोनार कडी काढतो, डाख घासतो, वर पॉलिश मारतो. ही दुरुस्ती नाण्याच्या कडेवर असते, आणि स्लॅबमध्ये बसवल्यावर कडेचा काही भाग आधारानं झाकला जातो. म्हणून स्लॅब चारी बाजूंनी फिरवून भिंगातून कडा पाहा. बाराच्या काट्याच्या जागी, म्हणजे राणीच्या किंवा राजाच्या डोक्याच्या वर, कड सपाट किंवा अतिगुळगुळीत दिसली की समजायचं, इथं कडी होती.

मग खोलीतले सगळे दिवे बंद करून एकच पिवळा बल्ब लावा आणि नाणं हळूहळू कलतं करा. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. पुसलेल्या किंवा घासलेल्या नाण्यावर तो फिरत नाही, उलट एकाच दिशेनं गेलेले बारीक ओरखडे चमकतात. चिंच, लिंबू, राख यांनी चकचकीत केलेली नाणी इथं उघडी पडतात. अशा नाण्यांना कंपनी आकडा देत नाही, लेबलावर ‘साफ केलेलं’ असं लिहिते. ते शब्द लहान असतात. वाचायचे.

स्लॅबमधलं नाणं तराजूवर टाकता येत नाही, ही मोठी अडचण. सुटा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक जुना तोळा. आमची आजी सोनं सांगताना अजून ‘रुपयाभार’ म्हणायची. सुट्या नाण्यात वजनाची ही पहिली परीक्षा असते. स्लॅबमध्ये ती परीक्षा तुमच्या हातून जाते, म्हणून डोळ्यांचं काम वाढतं.

क्रमांक जुळला म्हणजे झालं, असं मानणं

खोट्या स्लॅबवरही दुसऱ्या स्लॅबचा खरा क्रमांक छापलेला असू शकतो. ग्रेडिंग कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की नाणं निघतं, माणूस निश्चिंत होतो. तिथं फोटो असेल तर तो उघडा आणि नाण्यावरची एखादी खूण जुळवा: गालावरचा ओरखडा, कडेजवळचा काळा डाग, चांदीवरच्या रंगाची सीमा. खूण जुळली नाही तर व्यवहार तिथंच थांबवा. फोटो नसेल तर विकणाऱ्याकडून परतीची हमी लेखी घ्या. टिकलीचंही तेच: त्या स्लॅबचा क्रमांक टिकली मिळालेल्यांच्या यादीत आहे का, हे सीएसीच्या संकेतस्थळावर वेगळं पाहावं लागतं. बहुतेक जण हे करत नाहीत.

आणखी एक. टिकली नाण्याला नसते, त्या डबीला असते. जास्त ग्रेड मिळेल या हावेनं स्लॅब फोडला की जुना आकडा आणि टिकली दोन्ही गेले.

जुना रुपया ग्रेडिंगला परदेशी पाठवणं

हे मात्र गंभीर आहे. १९७२च्या पुरावस्तूंच्या कायद्यात शंभर वर्षं जुनं नाणंही पुरावस्तू ठरतं, आणि अशी वस्तू परदेशी पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्यानं नेमलेल्या संस्थेलाच आहे. शिवराई असो, दुदांडी (शिवराईचाच एक प्रकार) असो, १८४०चा व्हिक्टोरियाचा रुपया असो की १९११चा जॉर्जचा ‘डुकराचा रुपया’ (झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून गाजलेला), कुरिअरमध्ये टाकून अमेरिकेला पाठवायचा विचारही करू नका. दर वर्षी आणखी एका सालाची नाणी या रेषेच्या आत येतात, तेव्हा पेटीतल्या नाण्यांची सालं तपासत राहा.

तसं पाहिलं तर शिवराईला या आकड्यांचा उपयोगही फार नाही. हातानं हातोडा मारून पाडलेलं तांब्याचं नाणं, ठसा अर्धा बाहेर गेलेला, कड वाकडीतिकडी. ‘श्री राजा शिव’ ही अक्षरं किती उमटली आणि मागचं ‘छत्रपति’ वाचता येतं का, हे पाहणारा जाणकार तिथं लेबलावरच्या आकड्यापेक्षा पुढं असतो.

स्लॅब म्हणजे तिजोरी, असं समजणं

२०१९च्या महापुरात माझे चार स्लॅब खालच्या कपाटात होते. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर दोन लेबलांची शाई उतरलेली आणि एका डबीत आतून धुकं. स्लॅब जलरोधक नसतो. तेव्हा घाईघाईनं हेअर ड्रायर लावू नका, प्लॅस्टिक वाकतं. वरून स्वच्छ पाण्यानं चिखल धुवा, मऊ फडक्यानं टिपा, सावलीत सुकू द्या. धुकं गेलं नाही तर डबी स्वतः उघडण्याआधी ग्रेडिंग कंपनीला विचारा. आणि कपाट वरच्या मजल्यावर न्या, सिलिकाच्या पुड्या टाका. नाणी ठेवायच्या मऊ पीव्हीसीच्या पाकिटांपासूनही लांब राहा, त्यानं चांदीवर हिरवा चिकट थर चढतो.

मिरजेच्या त्या पोराचं नाणं आम्ही त्याच रात्री तपासलं. बल्बखाली पट्टा छान फिरला, क्रमांक जुळला, गालावरचे दोन ओरखडे फोटोतल्या जागीच होते. मग टिकलीची यादी उघडली. त्यात हा क्रमांक नव्हता. डॉलर खरा, ग्रेडही पटण्यासारखी, टिकली तेवढी कुणीतरी नंतर चिकटवलेली. पोरानं तिथूनच विकणाऱ्याला फोन लावला. चार वेळा रिंग गेली.