जुन्या रुपयाची प्रत कशी ओळखावी
नाण्याची प्रत, म्हणजे ते किती चांगलं टिकलंय याचा दर्जा, ठरवायला शिकायचं असेल, तर पंचम जॉर्जच्या १९१८ च्या चांदीच्या रुपयापासून सुरुवात करा; तो भरपूर पाडला गेला, म्हणून सहज मिळतो. नाणं कडेने धरा आणि एकाच दिव्याखाली हळूहळू फिरवा. आधी उंचवटे बघा: राजाची भुवई, कान, दाढी, मुकुटाची नक्षी, झग्यावरचा हत्ती. झीज आधी तिथेच दिसते. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा गोल सरकत जातो. नुसतंच चकचकीत, पण भिंगाखाली एकाच दिशेच्या बारीक रेघा दाखवणारं नाणं घासलेलं समजा. विकणारा काहीही म्हणो, त्याची प्रत उतरलीच. जुना काळपट थर मात्र दोष नव्हे. चिंच किंवा पितांबरी त्याच्या जवळही नेऊ नका.